नंगारा वस्तुसंग्रहालयात कॉफी शॉप हवे का? हवे. पण ते कोणाचे असावे?

#धागा. विषय वरवर किरकोळ वाटेल. तरीही शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

वस्तुसंग्रहालयात कॉफी शॉप काढायची गोष्ट निघाली की आपल्याकडे दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा बाजारूपणा आहे. ज्ञानाच्या जागी खाण्यापिण्याचे काय काम? दुसरा पक्ष म्हणतो, उत्पन्न वाढेल, तरुण येतील, छायाचित्रे काढतील, जाहिरात होईल. भांडण कितीही रंगले तरी दोघांचे एका गोष्टीवर एकमत असते. उपाहारगृह ही संग्रहालयाच्या मूळ कामाबाहेरची जोड आहे, असे दोघेही धरून चालतात. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. चहा कोण विकतो, किती रुपयांना विकतो आणि त्या बाकावर कोण कोणाच्या शेजारी बसते, यावरून ते संग्रहालय कोणाचे आहे हे ठरत असते. या धाग्यात हा मुद्दा एका ठिकाणापुरता मांडतो. ते ठिकाण म्हणजे वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी.

वाशीम म्हटले की इतिहासप्रेमींना आधी वत्सगुल्म आठवते, आणि ते योग्यच आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. १९३९ मध्ये प्रकाशात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट तिथलाच. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि पुढचा दानाचा तपशील प्राकृतात, असा तो लेख आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्याने कोरवून घेतले तो वराहदेव याच शाखेच्या हरिषेणाचा सचिव. पण या धाग्यात वाकाटकांना बाजूला ठेवू. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मानोरा तालुक्यात, एक वेगळाच इतिहास अलीकडे दालनांत मांडला गेला आहे. तो ताम्रपटावर कोरलेला नाही. बैलांच्या पाठीवरून गावोगाव फिरलेला आहे.

पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. संत सेवालाल महाराजांची (१७३९–१८०६) समाधी तिथे आहे, जगदंबेचे मंदिर आहे, आणि २०२० मध्ये दिवंगत झालेले संत रामराव महाराज यांचीही समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, कर्नाटक आणि मध्य प्रदेशातूनही तांडेच्या तांडे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इमारतीचा आकार नंगाऱ्याचा, म्हणून लोकांच्या तोंडी नाव ‘नंगारा म्युझियम’. चार मजले आणि तेरा दालने.

नंगारा हे बंजारा समाजाचे देवकार्यातले वाद्य. ते वाजले की माणसे जमतात. जमलेल्या माणसांना मग बसायला जागा लागते, हा माझ्या सगळ्या युक्तिवादाचा आरंभ समजावा.

आता थोडे मागे जाऊ. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने बैलांचे तांडे पाहून जे लिहिले आहे ते आजही थक्क करणारे आहे. दहा-बारा हजार बैलांचा एकेक तांडा. त्यावर तांदूळ, धान्य, मीठ. वाहतूक करणाऱ्यांचे चार गट असून प्रत्येक गट एकच जिन्नस वाहतो, असेही तो नोंदवतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की प्रवाशाला तो पूर्ण निघून जाईपर्यंत, कधी दोन-तीन दिवससुद्धा, थांबून राहावे लागे. ‘लमाण’ हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. या मालवाहू व्यापाराला गोरबोलीत ‘लदेणी’ म्हणतात.

लदेणीचे अर्थशास्त्र समजून घेतले की पुढचा मुद्दा नीट कळतो. बैलगाडीला रस्ता लागतो. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलाला पायवाट पुरते. गाडीच्या बैलाला वैरण विकत घ्यावी लागते. तांड्याचा बैल वाटेने चरत जातो. म्हणून वाहतूक स्वस्त पडे आणि म्हणूनच ती संथ असे. रोज थोडे चालायचे, मग गोण्या उतरवायच्या, जनावरे चरायला सोडायची, पाणी शोधायचे, चूल मांडायची. तांड्याच्या दिवसाचा मोठा भाग चालण्यात जात नसे, मुक्कामात जात असे. पाण्याची जागा, सावलीची जागा, कोणत्या गावचा पाटील हटकतो आणि कोणता नाही, याचे ज्ञान हेच नायकाचे भांडवल. बायकांचे भरतकाम, गाणी, न्यायनिवाडे, सोयरिकी, सगळे मुक्कामावर. बंजारा संस्कृती म्हणून आज आपण काचेच्या पेटीत जे पाहतो, त्यातले बहुतेक मुक्कामाच्या वेळेत निर्माण झालेले आहे.

सैन्यांनाही हे तांडे लागत. मोगलांना लागले, मराठ्यांना लागले, आणि १८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्लीची दख्खनमधली रसद बऱ्याच अंशी ‘ब्रिंजारीं’वरच अवलंबून होती. वऱ्हाडचा कापूस रेल्वेपूर्व काळात बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. मग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आली. १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली. अकोला आणि बडनेरा मार्गावर आले आणि लदेणीचा कणा मोडला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. तो आधी उत्तरेत लागू झाला, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली, आणि बंजारांचे अनेक गट ठिकठिकाणी त्याच्या कक्षेत आणले गेले. ज्यांचे फिरणे कालपर्यंत राज्याच्या कामाचे होते, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. हजेरी आणि परवाना यांच्या जाचातून सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. महाराष्ट्रात आजही हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे.

या दोन तारखा, १८६७ आणि १८७१, शेजारी ठेवून शिकवल्या जात नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते. असो.

म्हणजे काय, तर हे संग्रहालय अशा लोकांचे आहे ज्यांना दीडशे वर्षे ‘इथे थांबू नका’ असे सांगण्यात आले. गावाबाहेर तांडा, तांड्याबाहेर चौकी. त्यांच्या इतिहासाच्या इमारतीत त्यांनाच निवांत टेकायला जागा आहे की नाही, हा प्रश्न मला सोयीसुविधांच्या यादीतला वाटत नाही.

आता संग्रहालय आणि उपाहारगृह यांची जोडी जिथे पहिल्यांदा जमली तिथे जाऊ. लंडनचे साउथ केन्सिंग्टन म्युझियम (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) १८५७ मध्ये उघडले. त्याचा पहिला संचालक हेन्री कोल. संग्रहालयात जेवणाची सोय करण्याचा मान जगात प्रथम त्याच्याकडे जातो. त्याची कल्पना साधी होती. कामगार दिवसा येऊ शकत नाही, तेव्हा गॅसचे दिवे लावून संग्रहालय संध्याकाळी उघडे ठेवावे. आणि तो भुकेला येणार, तेव्हा त्याला तिथेच खायला मिळावे. दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून कोल संग्रहालयाकडे पाहत होता. पुढच्या दशकात या खोल्यांची सजावट झाली, ती त्या वेळी फारसा नावारूपाला न आलेला विल्यम मॉरिस, जेम्स गँबल आणि एडवर्ड पॉइंटर यांच्याकडून. गँबलच्या दालनाच्या भिंती आणि खांब चिनीमातीच्या फरशांनी मढवलेले आहेत. ते फक्त शोभेसाठी नव्हते. फरशी धुता येते आणि जळत नाही. पॉइंटरच्या खोलीतल्या फरशा तिथल्या कलाशाळेतल्या विद्यार्थिनींनी रंगवल्या. एवढे वाचून मन प्रसन्न होते.

पण खाद्यपदार्थांची यादी पाहिली की गंमत कळते. पहिल्या वर्गाची यादी वेगळी, दुसऱ्या वर्गाची वेगळी. शिवाय कारागीर, मजूर आणि गरीब प्रेक्षकांसाठी तिसऱ्या वर्गाची सोय आणखी निराळी. रेल्वेच्या डब्यांसारखी! वर दालनांत राफाएलची चित्रे सर्वांसाठी एकच होती. खाली ताटे तीन प्रकारची. कामगारासाठी काढलेल्या उपाहारगृहाने कामगाराला त्याची पायरी दाखवली. पुढे १९८८ मध्ये याच संग्रहालयाने एक जाहिरात केली, जिचा आशय असा की आमचे कॅफे झकास आहे आणि त्याला जोडून एक बरेसे संग्रहालयही आहे. ती विनोद म्हणून गाजली, टीकाही झाली. बाजारूपणाची भीती घालणारे आजही तिचाच दाखला देतात. मला मात्र १९८८ च्या जाहिरातीपेक्षा १८६० च्या दशकातली ती वर्गवारी अधिक बोलकी वाटते.

हे विलायतेतले झाले. आपल्याकडे वर्गाला जात जोडली जाते आणि मग चहाचा कप भलताच जड होतो. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकिकत अनेकांना ठाऊक असेल. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या या अस्पृश्य माणसाने वरच्या जातींसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गंगारामला भांडवल देऊन भर वस्तीत चहाचे हॉटेल काढून दिले. लोक तिथे चहा प्यायला जाईनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तोच चहा घ्यावा लागला. शाहूंनी अस्पृश्यतेविरुद्ध काढलेले हुकूमनामे महत्त्वाचे आहेतच. पण सामाजिक इतिहास शिकताना मला या चहाच्या दुकानाने अधिक शिकवले आहे. ते दुकान गंगारामचे होते. दुसऱ्या कुणाच्या हॉटेलात त्याला आत घ्या, असा नुसता आदेश निघाला असता तर परिणाम इतका झाला नसता.

मुंबईतही एक उदाहरण आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, आणि त्याचे मूळ नावही लंडनच्याच त्या संग्रहालयाशी जुळणारे होते. मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले आणि नंतर मागच्या अंगणात कॅफेही आले. जागा सुरेख आहे. पण शेजारी राणीची बाग आहे, आणि तिथे पोराबाळांना घेऊन, पोळीभाजीचे डबे घेऊन येणारी कुटुंबे हा या संग्रहालयाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रेक्षक आहे. डबा घेऊन आलेल्या आजीला कॅफेच्या खुर्चीवर बसता येते का? मुंबईसारख्या शहरात याचे उत्तर कसेही असले तरी भागते. आजूबाजूला शंभर पर्याय आहेत. पोहरादेवीला तसे नाही. तिथे वाशीमहून किंवा दिग्रसहून आलेला माणूस एकदा आवारात शिरला की सावली आणि पाणी या दोन्हींसाठी त्या आवारावरच अवलंबून असतो. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. अशा वेळी चार मजले आणि तेरा दालने पाहून झाल्यावर सत्तरीची बाई कुठे बसते, ते पाहावे. बहुधा जिन्यात.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. ‘कॉफी कशाला? ते शहरी चोचले. आमच्या वऱ्हाडात चहा.’ चहा हवाच, त्यावर वाद नाही. पण कॉफीला परकी ठरवण्याआधी तिचा इतिहास पाहावा; चहा तर आपल्या खेड्यांत तिच्यापेक्षा फार जुना आहे असे मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यापाऱ्यांनी फुकट पेले वाटून त्याची सवय लावली. उलट कॉफी मोगलांच्या दिल्लीत होती. निजामाबरोबर दख्खनहून दिल्लीला गेलेला दरगाह कुली खान १७३९ च्या आसपासच्या दिल्लीचे वर्णन करतो. त्यात चांदणी चौकातल्या कहवाखान्यात जमणारे आणि एकमेकांना शेर ऐकवणारे लोक आहेत. १७३९ म्हणजे सेवालाल महाराजांचे जन्मवर्ष; योगायोग एवढाच, पण तारखा लक्षात ठेवायला बरा. दक्षिणेत बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया आणल्याची आख्यायिका आहेच. आणि मराठी घरांत जायफळ घातलेली दुधाळ कॉफी पाहुण्यांसाठी, उपासासाठी, आजारातून उठलेल्या माणसासाठी कितीतरी वर्षे होत आली आहे.

त्यातही आपल्यासाठी खास गोष्ट अशी की महाराष्ट्रात कॉफी पिकण्याचे ठिकाण म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते चिखलदरा आपल्याच अमरावती विभागात, मेळघाटात आहे. वाशीम जिल्हाही त्याच विभागात येतो. ब्रिटिशांच्या काळात लागलेली ही लागवड मोठी नाही, पण आहे. पोहरादेवीच्या पेल्यात चिखलदऱ्याची कॉफी असली तर त्यात शहरी असे काय उरते? डोंगरावरचा माल सपाटीवर आणून विकणे हे तर लदेणीचेच काम.

आणि कॉफीच्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता अध्याय १९५७ चा आहे. कॉफी बोर्डाने आपली इंडिया कॉफी हाउसे बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले. ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्याच कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. ऑगस्टमध्ये बंगळूरची पहिली संस्था उभी राहिली, मागोमाग इतर ठिकाणी. आज जी ‘इंडियन कॉफी हाउस’ आपण ओळखतो, तुरेबाज फेट्यातल्या वाढप्यांची, ती याच संस्थांची. पेला आणून देणारा माणूस तिथे मालकांपैकी एक असतो. कॉफी शॉप चालवण्याचा एकच मार्ग म्हणजे शहरातल्या साखळीला ठेका देणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

तर आता पोहरादेवीबद्दल माझे म्हणणे.

ठेका बाहेरच्या कंपनीला देऊ नये. परिसरातल्या तांड्यांतल्या महिला बचत गटांना द्यावा. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून महाराष्ट्रात काम करते आहे, बचत गटांचे जाळे गावोगाव आहे, हिशेब ठेवणाऱ्या बायका आहेत. हे नव्याने उभारायचे नाही. दुसरे म्हणजे मंदिराच्या वाटेवर आज जे चहावाले, प्रसादवाले बसतात त्यांचे काय? संग्रहालयाचे कॅफे झाले आणि लगेच या लोकांवर ‘अतिक्रमण’ म्हणून नोटिसा निघाल्या, तर १८७१ ची भाषा नव्या तोंडून बोलल्यासारखे होईल. त्यांना आधी विचारावे, आधी जागा द्यावी.

चहाची किंमत बाहेरच्या टपरीइतकीच असावी. कॉफी थोडी महाग चालेल. पाणी फुकट, थंड, आणि तिकिटाच्या खिडकीच्या अलीकडे. शिदोरी घेऊन बसायला पूर्ण मुभा, आणि ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी कुठेही नको. ही पाटी म्हणजे साउथ केन्सिंग्टनची तिसऱ्या वर्गाची खोलीच, फक्त तिसऱ्या वर्गाला खोलीसुद्धा न देणारी.

खायला काय? ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठले, आलूबोंडा. आणि लापशी. सेवालाल महाराजांना भोग म्हणून चढते ती लापशी विकावी की नुसती वाटावी, हे मात्र समाजातल्या जाणत्यांनी ठरवावे. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी त्यात नाक खुपसू नये.

एका गोष्टीवर माझे मत कडक आहे. चहा देणाऱ्या बायकांना फेटिया-कांचळी घालून उभे करू नये. त्या रोज जे नेसतात तेच नेसून त्यांनी काम करावे. कुणाला पारंपरिक पोशाख आवडीने घालायचा असेल तर घालावा. दालनात काचेमागे असलेला पोशाख बाहेर गणवेश म्हणून आला की माणूस प्रदर्शनातली वस्तू बनतो आणि पर्यटक त्याच्यासोबत छायाचित्र काढायला रांग लावतात. तेच उशांच्या अभ्र्यांबद्दल, भिंतीवरच्या भरतकामाबद्दल. आरशांचे, कवड्यांचे, नाण्यांचे ते काम विकायला ठेवायचे तर करणारीच्या नावासह आणि तिने ठरवलेल्या किमतीला ठेवावे. सजावट म्हणून भिंतीला खिळे ठोकून नव्हे.

आता विरोधकांचा एक आक्षेप, जो मला पूर्ण मान्य आहे: अन्न आणि संग्रह यांचे वैर असते. बंजारा वस्त्रांत सुती कापड, लोकरीचे धागे, कवड्या, धातूचे तुकडे, हस्तिदंत आणि हाड असे सगळे एकत्र असते, आणि या प्रत्येकाचा शत्रू वेगळा. खळ आणि साखर यांवर कसर जमते, लोकरीला भुंगेरे लागतात, ओलाव्याने धातू गंजतो आणि गंज कापडात उतरतो. चहाची वाफ, फोडणीचा धूर, तेलाचा सूक्ष्म थर हे सगळे जिन्याच्या पोकळीतून वरच्या मजल्यांवर चढते. म्हणून स्वयंपाकघर मुख्य इमारतीत अजिबात नको. आवारात वेगळे, वाऱ्याची दिशा पाहून, गॅसची टाकी उघड्यावर, उष्टे-खरकटे रोजच्या रोज हलवण्याची सोय करून. तळमजल्यावर एखादा रिकामा कोपरा आहे म्हणून तिथे कॉफीचे यंत्र बसवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट कल्पना ठरेल.

शिवाय पोहरादेवीची गर्दी भरती-ओहोटीसारखी असते. रामनवमीला आणि सेवालाल जयंतीला पूर. श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी शाळेची एखादी सहल. साखळीतले कॉफी शॉप रोजच्या ठरावीक गिऱ्हाइकावर जगते, ते इथे टिकणार नाही. आणि बंद पडलेल्या कॉफी शॉपइतके केविलवाणे दृश्य संग्रहालयात दुसरे नसते. त्यापेक्षा लहान पक्की चूल, पुढे मोठा ओटा, आणि यात्रेच्या दिवसांत वाढवता येईल असा मांडव. तांड्याच्या मुक्कामाची रचनाही अशीच लवचीक असे.

‘कॅफेच्या उत्पन्नातून संग्रहालय चालेल’ या आशेवर मात्र कुणी राहू नये. अभिरक्षकाचा पगार, वस्तूंची सूची, कापडांची निगा हा शासनाचा खर्च आहे आणि तो शासनानेच करावा. दहा रुपयांच्या चहाने तो भागणार नाही, आणि भागवायचा ठरवला तर चहा ऐंशी रुपयांचा होईल. मग ऊसतोडीहून परत येताना पोरांना देवदर्शनाला घेऊन आलेले कुटुंब त्या ओट्याकडे लांबूनच पाहील. वसंतराव नाईकांसारखा अकराहून अधिक वर्षे मुख्यमंत्री राहिलेला नेता या समाजाने महाराष्ट्राला दिला. आणि याच समाजातली हजारो माणसे दर दिवाळीनंतर कोयता घेऊन घर सोडतात. ओट्यावर या दोन्ही टोकांची माणसे बसू शकली पाहिजेत.

आणि आता या धाग्यातली माझी खरी लालसा सांगतो. दालनांतल्या पाट्या मराठी-हिंदी-इंग्रजीत असल्या तरी त्या वस्तूंची गोरबोलीतली नावे, त्यांचे प्रकार, कोणती वस्तू कुमारिकेची आणि कोणती सुवासिनीची, कोणता टाका कोणत्या भागातला, हे ज्यांना ठाऊक आहे त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या मुलाखतीसाठी विद्यापीठात येणार नाहीत. पण दर्शन झाले, दालने पाहून झाली की पाय दुखतात म्हणून ओट्यावर नक्की बसतील, आणि हातात चहा आला की बोलतील. तिथे एक टेबल संग्रहालयाचे असावे. त्यावर जाड वही, ध्वनिमुद्रणाचे साधे यंत्र आणि गोरबोली येणारी एखादी पदवीधर मुलगी, तीही पगारी. वहीत पाच रकाने: वस्तू, तिचे नाव, सांगणारीचे नाव, तिचा तांडा, तारीख. सांगणारीची संमती आधी घ्यावी आणि चहाचे पैसे तिच्याकडून घेऊ नयेत.